दाह शमला की पेशीच आजारी पडली? निर्गुडीतल्या रेणूची पारख

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने निर्गुडीच्या पानांचा मेथनॉलमध्ये अर्क काढून त्यातून कॅस्टिसिन हे फ्लॅव्होन वेगळं केलं. रॉ २६४.७ या माऊसच्या मॅक्रोफेज (भक्षक) पेशींना एलपीएस हा जिवाणूंच्या आवरणातला, दाह पेटवणारा पदार्थ देऊन नायट्राइट, म्हणजे त्या पेशी सोडतात त्या नायट्रिक ऑक्साइडची खूण, मोजलं, तेव्हा आयसी-५० (ते निम्म्यावर आणणारी मात्रा) आली १२ मायक्रोमोलर. एमटीटी या जिवंतपणाच्या रंगचाचणीत २५ मायक्रोमोलरपर्यंत ८० टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत दिसल्या. विस्टार रॅटना ५० मिलिग्रॅम प्रति किलो हा डोस पोटाच्या पोकळीत टोचला, तर कॅराजीननने आलेली पंजाची सूज तिसऱ्या तासाला ५८ टक्के कमी भरली. सुरक्षिततेसाठी अर्काची ओईसीडी ४२३ या तीव्र तोंडी विषाक्ततेच्या मार्गदर्शक तत्त्वाप्रमाणे तपासणी झाली. २००० मिलिग्रॅम प्रति किलो तोंडावाटे देऊनही एकही प्राणी दगावला नाही. एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राप्रमाणे अर्कात कॅस्टिसिन दीड टक्का आहे. आता प्रबंधात ‘कॅस्टिसिन हे प्रभावी आणि सुरक्षित दाहशामक आहे’ असं लिहिता येईल का?

आधी उत्तर देते. ‘प्रभावी’ हा शब्द काही अटी पूर्ण झाल्यावर लिहिता येईल. ‘सुरक्षित’ हा शब्द आजच्या माहितीवर लिहिता येत नाही. याचा अर्थ काम वाया गेलं असा नाही. रेणू शुद्ध काढणं हाच या साखळीतला सगळ्यात किचकट भाग असतो आणि तो तुम्ही केला आहे. पण औषधनिर्माणशास्त्राच्या अनेक प्रबंधांत ‘परिणाम’ हे एक प्रकरण आणि ‘विषाक्तता’ हे दुसरं प्रकरण असतं, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडत नाही. खरी अडचण तिथेच आहे. दाह ही जिवंत, धडधाकट पेशीची आणि प्राण्याची प्रतिक्रिया आहे. त्यांना इजा केली, तरी दाह कमी होतो. म्हणजे सौम्य विषसुद्धा आपल्या नेहमीच्या चाचण्यांत दाहशामक दिसतं. त्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न शेवटी विचारायचा नसतो. परिणामाचा प्रत्येक आकडा वाचतानाच तो विचारावा लागतो.

तुमच्याच आकड्यांपासून सुरुवात करू. २००० मिलिग्रॅम अर्कात दीड टक्का कॅस्टिसिन म्हणजे ३० मिलिग्रॅम. पंजाची सूज कमी झाली ती ५० मिलिग्रॅमला. म्हणजे ज्याला आपण विषाक्ततेची सर्वोच्च मात्रा समजतो आहोत, तिच्यात परिणामकारक मात्रेइतकंही कॅस्टिसिन गेलेलं नाही. शिवाय अर्क तोंडावाटे गेला आणि रेणू पोटाच्या पोकळीत टोचला. तोंडावाटे गेलेल्या फ्लॅव्होनचा मोठा भाग आतड्यात आणि यकृतात ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट होऊन निष्क्रिय होतो. टोचलेला रेणू आतड्याची भिंत टाळतो. मग ‘एकही प्राणी दगावला नाही’ हे वाक्य अर्काबद्दल खरं आहे, पण कॅस्टिसिनबद्दल ते काहीच सांगत नाही. ही गल्लत इतकी सर्रास होते की छापून आलेल्या लेखांतही ती सापडते. परीक्षकाने हा गुणाकार तोंडी परीक्षेत करायला सांगण्याआधी तो तुम्ही स्वतः करून ठेवा.

आता पेशींकडे वळू. या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

कॅस्टिसिनवर कर्करोगाच्या अंगाने बरंच काम झालेलं आहे. अनेक प्रकारच्या कर्करोगपेशींत ते विभाजन अडवतं आणि पेशींना मरणाकडे ढकलतं, तेही कमी मायक्रोमोलर मात्रेत. तुमची आयसी-५० त्याच पट्ट्यात येते. रॉ २६४.७ ही पेशीसुद्धा अर्बुदातून आलेली, झपाट्याने वाढणारी पेशी आहे. चोवीस तासांच्या प्रयोगात कंट्रोलच्या पेशी दुपटीहून जास्त वाढल्या आणि तुमच्या रेणूच्या पेशी विभाजनाच्या टप्प्यात अडकून पडल्या, तर नायट्राइट कमी येणारच. पेशीच कमी आहेत. याला दाहशमन म्हणता येणार नाही.

‘पण एमटीटी ८० टक्के आली’ असं तुम्ही म्हणाल. इथे तीन गोष्टी तपासा. पहिली, एमटीटी तुम्ही एलपीएसशिवाय केली होती का? बहुतेक जण तशीच करतात. एलपीएसने चेतवलेली पेशी वेगळ्या ताणाखाली असते आणि शांत पेशीला सोसणारी मात्रा तिला सोसेलच असं नाही. प्लेटमधल्या ज्या विहिरीतलं (खळग्यातलं) वरचं द्रव नायट्राइट मोजणाऱ्या ग्रीस अभिक्रियेसाठी काढलं, त्याच विहिरीतल्या पेशींवर जिवंतपणाची चाचणी करा. दुसरी गोष्ट, फिनॉली संयुगं पिवळ्या एमटीटीला पेशींच्या मदतीशिवाय थेट जांभळ्या फॉर्माझानमध्ये बदलू शकतात. क्वेर्सेटिनसारख्या फ्लॅव्होनॉइडांत हे चांगलंच माहीत आहे. पेशी न टाकता फक्त माध्यम, रेणू आणि एमटीटी अशी एक रांग ठेवा. तिथे रंग आला, तर तुमचे ८० टक्के खरे किती ते आपोआप कळेल. मोजणीआधी पेशी बफरने धुऊन घेतल्या तरी पुष्कळ फरक पडतो. तिसरी गोष्ट, एमटीटी चयापचय मोजते, पेशींची संख्या मोजत नाही. ट्रायपॅन ब्लू घालून पेशी प्रत्यक्ष मोजा, किंवा प्रत्येक विहिरीतलं प्रथिन मोजून नायट्राइट त्या प्रमाणात मांडा. ब्रॅडफर्ड चाचणीला फारसा खर्च येत नाही. एवढ्या एका दुरुस्तीने तुमची आयसी-५० १२ वरून ४० वर गेली, तरी ती खरी असेल. आणि खरा आकडा छोट्या आकड्यापेक्षा मोलाचा आहे.

ग्रीस अभिक्रियेचेही स्वतःचे सापळे आहेत. ती फक्त नायट्राइट मोजते. जो रेणू नायट्रिक ऑक्साइडला वाटेतच पकडून संपवतो, तो आयनॉस या नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला हातही न लावता उत्तम दाहशामक ठरतो. यावर उपाय असा: पेशी नसलेल्या विहिरीत स्वतःच नायट्रिक ऑक्साइड सोडणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड आणि रेणू एकत्र घालून नायट्राइट तयार होऊ द्या. नायट्राइट घटलं, तर तो नुसता शोषून घेतो आहे. मग रेणू एलपीएसच्या आधी देणं, सोबत देणं आणि चार तासांनी देणं, हे तिन्ही वेगवेगळे करून पाहा. सोबत दिल्यावरच परिणाम दिसत असेल, तर रेणू एलपीएसला बाहेरच चिकटतो आहे किंवा त्याला पेशीच्या ग्राहीवर बसू देत नाही, अशी शंका घ्यायला हवी. आधी देऊन, धुऊन काढून, मग एलपीएस दिल्यावरही परिणाम टिकला, तर रेणू पेशीच्या आत काहीतरी करतो आहे असं म्हणायला आधार मिळतो.

पुढची पायरी म्हणून विद्यार्थी एनएफ-कप्पा-बी या दाहाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाचा ल्युसिफरेज रिपोर्टर, म्हणजे त्याचं काम प्रकाशात मोजणारी रचना, वापरतात. तिथेही जपून. रेस्व्हेराट्रॉल आणि काही फ्लॅव्होनॉइड काजव्याच्या ल्युसिफरेज विकरालाच अडवतात. प्रकाश कमी झाला म्हणजे एनएफ-कप्पा-बी थांबलं, असं धरून चालता येत नाही. रिपोर्टरपेक्षा पी-६५ हे एनएफ-कप्पा-बीचा भाग असलेलं प्रथिन केंद्रकात गेलं की नाही ते वेस्टर्न ब्लॉटवर पाहिलेलं बरं. आणि एक कंट्रोल मी आवर्जून सुचवते: सायक्लोहेक्झिमाइड. ते पेशीतली सगळीच प्रथिननिर्मिती थांबवतं. ते दिलं की आयनॉस, कॉक्स-२ (प्रोस्टाग्लँडिन बनवणारं विकर), टीएनएफ-अल्फा (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) सगळं खाली येतं आणि ब्लॉट देखणा दिसतो. तुमच्या रेणूचं चित्र सायक्लोहेक्झिमाइडसारखं आहे की डेक्सामेथासोन या दाहशामक स्टेरॉइडसारखं, हे शेजारी ठेवून पाहा. एखादं दाहाशी संबंध नसलेलं, लवकर झिजणारं प्रथिनही सोबत मोजा. तेही तितकंच घटत असेल, तर रेणू दाहावर काम करत नाही. तो पेशीचा सगळा कारखानाच बंद पाडतो आहे.

वनस्पतिज रेणूंच्या बाबतीत हे सगळं इतकं ताणून का सांगते, त्याचं कारण कर्क्युमिनच्या इतिहासात आहे. हळदीतल्या या रेणूवर हजारो शोधनिबंध निघाले. तो जवळजवळ प्रत्येक चाचणीत ‘सक्रिय’ दिसतो. पण तटस्थ सामूच्या बफरमध्ये त्याचा बहुतांश भाग अर्ध्या तासात मोडतो, तो अनेक प्रथिनांना जिथे तिथे चिकटतो, आणि त्याचा पिवळा रंग व प्रतिदीप्ती मोजमापात ढवळाढवळ करते. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रातल्या एका मोठ्या समीक्षेने हे सगळं एकत्र मांडलं, तेव्हा अनेकांना धक्का बसला. त्याआधी २०१० मध्ये बेल आणि हॉलोवे यांनी चाचण्यांना फसवणाऱ्या रासायनिक रचनांची यादीच दिली होती. कॅटेकॉल आणि क्विनोन असे गट त्यात येतात. कॅस्टिसिनमध्ये चार मेथॉक्सी गट आहेत आणि दोनच मोकळे हायड्रॉक्सिल. त्यामुळे ते क्वेर्सेटिनपेक्षा कमी ऑक्सिडीकरण पावणारं असावं. ही जमेची बाजू आहे, पण ती गृहीत न धरता तुमच्या माध्यमात ३७ अंशांवर चोवीस तास ठेवून एचपीएलसीवर किती उरतं ते पाहा. एका दुपारी तयारी करून दुसऱ्या दिवशी उत्तर मिळतं.

नायट्रिक ऑक्साइडबद्दल आणखी एक. माऊसच्या मॅक्रोफेज पेशी ते भरभरून करतात, माणसाच्या मॅक्रोफेज पेशी प्रयोगनळीत फार थोडं करतात. म्हणून फक्त नायट्राइटवर माणसाच्या सांधेदुखीबद्दल बोलता येत नाही. रॉ पेशींत आणखी एक कमतरता आहे: त्यांच्यात एएससी हे प्रथिन नसतं, त्यामुळे त्या इन्फ्लामासोम या प्रथिनसंचाच्या वाटेने पक्व आयएल-१-बीटा हे दाहाचं संदेशवाहक प्रथिन नीट तयार करत नाहीत. त्यांच्यात आयएल-१-बीटा मोजून निष्कर्ष काढू नका. माणसाच्या टीएचपी-१ पेशी पीएमए देऊन, म्हणजे त्यांना मॅक्रोफेजसारखं बनवून, वापरता येतात. पण मला विचाराल तर तुमच्या कॉलेजजवळ रक्तपेढी किंवा रुग्णालय असेल, तर मानवी नैतिक समितीची परवानगी घेऊन पूर्ण रक्तावरची चाचणी करा. निरोगी स्वयंसेवकाचं रक्त, अर्ध्यात एलपीएस घालून चोवीस तासांनी पीजीई-२, अर्ध्यात रक्त गोठू देऊन थ्रॉम्बॉक्सेन बी-२. पहिलं कॉक्स-२ सांगतं, दुसरं कॉक्स-१. रक्तातली प्रथिनं रेणूला किती बांधून ठेवतात हेही त्यात आपसूक मोजलं जातं. प्लेटमधली १२ मायक्रोमोलरची आयसी-५० पूर्ण रक्तात १०० च्या पुढे गेली, तर तेही लिहिण्यासारखं निरीक्षण आहे.

आता रॅटच्या पंजाकडे. विंटर, रिस्ले आणि नस यांनी १९६२ मध्ये मांडलेली ही पद्धत अजून टिकून आहे ती साधेपणामुळे: पंजाच्या तळव्यात एक टक्का कॅराजीनन ०.१ मिलिलिटर, आणि प्लेथिस्मोमीटर या यंत्रात पंजा बुडवून दर तासाला आकारमान. पहिल्या तास-दीड तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिन, मग ब्रॅडिकायनिन, आणि अडीच तासांनंतर प्रोस्टाग्लँडिन असा क्रम धरला जातो. तिसऱ्या तासाचा एकच आकडा देऊ नका. शून्यापासून सहाव्या तासापर्यंतचा पूर्ण आलेख द्या आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ काढा. कोणत्या टप्प्यात फरक पडतो यावरच यंत्रणेचा अंदाज बांधता येतो.

तुमच्या प्रयोगात मला सगळ्यात जास्त खटकतो तो पोटाच्या पोकळीतला डोस. पोटाच्या आवरणाला चुरचुरणारा कोणताही पदार्थ तिथे टोचला, की पंजाची सूज कमी होते. याला प्रतिक्षोभ म्हणतात. शरीराची दाहक सामग्री पोटाकडे वळते, ताणामुळे अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिकोस्टेरॉन सोडतात, रक्तदाब घटतो, आणि पंजा कमी सुजतो. जुन्या औषधशास्त्रज्ञांना हे पक्कं ठाऊक होतं. ते यासाठी अधिवृक्क काढलेल्या रॅटवर प्रयोग पुन्हा करून पाहत. ५० मिलिग्रॅमनंतर प्राणी पोट ताणत होते का, कोपऱ्यात आक्रसून बसले होते का, हालचाल मंदावली होती का, हे तुमच्या नोंदवहीत आहे का ते पाहा. असेल तर ते प्रबंधात लिहा. नसेल तर प्रयोग तोंडावाटे पुन्हा करावा लागेल. मात्रा किमान तीन, सोबत फक्त वाहक द्रव दिलेला गट आणि १० मिलिग्रॅम प्रति किलो इंडोमेथासिनचा गट. पंजा मोजणाऱ्याला कोणता रॅट कोणत्या गटातला हे माहीत नसावं, आणि रॅट गटात वाटताना चिठ्ठ्या किंवा संगणक वापरावा. प्लेथिस्मोमीटरमध्ये पाय किती बुडवायचा हे हाताच्या अंदाजावर असतं. मोजणाऱ्याला गट माहीत असेल, तर तो हात नकळत हवा तिकडे झुकतो. मोजण्याआधी घोट्यावर पेनने खूण करून ठेवा.

प्राण्यांवरचा कोणताही जादा प्रयोग करण्याआधी संस्थेच्या प्राणी नैतिक समितीकडे सुधारित प्रस्ताव द्या. मी हे केवळ नियम म्हणून सांगत नाही. चुकीच्या मार्गाने दिलेल्या डोसमुळे निष्कर्ष निघाला नाही, तर ते प्राणी व्यर्थ गेले. प्रयोगाची आखणी नीट करणं हीच त्यांच्याबद्दलची आपली पहिली जबाबदारी आहे.

जुनाट दाहाची मॉडेलं, म्हणजे कापसाच्या गोळीभोवती होणारा ग्रॅन्युलोमा किंवा फ्रॉइंडच्या सहायकाने होणारा संधिवात, यांची एम.फार्म.साठी गरज नाही. ती पुढच्या संशोधनासाठी सोडा. पुढे ती केलीत, तर रॅटचं वजन मात्र रोज मोजत चला, कारण खाणं सोडलेला रॅटसुद्धा कमी सुजतो.

ओळख आणि शुद्धता. वनस्पतीचा नमुना पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात, आघारकर संस्थेत किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये दाखवून क्रमांक घेतला असेलच, असं मी धरते. हा कागद औपचारिक वाटतो, पण त्याच्या अभावी काय होतं ते जगाने पाहिलं आहे. ब्रुसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात १९९० ते १९९२ च्या सुमारास स्टेफानिया टेट्रान्ड्रा या चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया फांगची मिसळली गेली. चिनी नावं मिळतीजुळती होती. शंभराहून अधिक रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडं बिघडली आणि पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आपल्याकडे २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतल्या यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हाही आयुष मंत्रालयाने पहिला आक्षेप घेतला तो वनस्पतीच्या ओळखीवरच: ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा? नमुना जपून ठेवलेला असेल, तरच अशा वादाला उत्तर देता येतं.

शुद्धतेत एचपीएलसीचा आकडा, एनएमआर आणि वस्तुमान वर्णपट हवेतच, पण दाहाच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट तपासावी लागते: एंडोटॉक्सिन, म्हणजे तेच जिवाणूंचं एलपीएस. पानांवर जिवाणू असतात आणि त्यांचं एलपीएस अर्कातून पुढे येऊ शकतं. ते पेशींना आधीच किंचित चेतवून ठेवतं. अशा पेशी पुढच्या मोठ्या एलपीएस डोसला कमी प्रतिसाद देतात, आणि आपण त्याला दाहशमन समजतो. रेणू एकटा दिल्यावर पेशी टीएनएफ-अल्फा सोडतात का ते पाहा, आणि एलपीएसला बांधून निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घालून फरक पडतो का तेही. एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी केलीत, तर लक्षात ठेवा की वनस्पतीतले बीटा-ग्लुकन त्या चाचणीला खोटं ‘हो’ म्हणायला लावू शकतात.

आता सुरक्षिततेचा मूळ मुद्दा. एका डोसनंतर चौदा दिवसांत मृत्यू न होणं ही वर्गीकरणासाठीची माहिती आहे, औषध सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. ॲरिस्टोलोकिया घेतलेल्या स्त्रियाही पहिल्या डोसला ठणठणीत होत्या. सांधेदुखीवरचं औषध महिनोन्महिने घेतलं जातं, म्हणून निदान अठ्ठावीस दिवसांची ओईसीडी ४०७ हवी. त्यात गट चार, प्रत्येक गटात पाच नर आणि पाच माद्या. दोनशे ग्रॅमच्या दहा रॅटना रोज १०० मिलिग्रॅम प्रति किलो द्यायचं तर एकाच गटाला अठ्ठावीस दिवसांत ५.६ ग्रॅम शुद्ध कॅस्टिसिन लागेल. पानांतून एवढं काढणं तुमच्या प्रयोगशाळेत शक्य नाही, हे मला कळतं. म्हणून ही तपासणी अर्कावर करा, पण मग दावाही अर्कापुरताच ठेवा. आपल्या देशात नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने ‘फायटोफार्मास्युटिकल’ असा वर्ग केला आहे. त्यात शुद्धीकृत, प्रमाणित भागातली किमान चार संयुगं मोजून निश्चित करावी लागतात. निर्गुडीच्या पानात ॲग्नुसाइड, नेगुंडोसाइड असे इरिडॉइडही आहेत. कॅस्टिसिनसोबत तेही मोजलेत, तर प्रमाणित अर्काची वाट तुमच्यासाठी जास्त खरी आणि व्यवहार्य ठरेल.

शुद्ध रेणूची तीव्र विषाक्तता हवी असेल, तर माऊस वापरा. पंचवीस ग्रॅमच्या माऊसला ३०० मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे ७.५ मिलिग्रॅम. मार्गदर्शक तत्त्वातही काहीच माहिती नसताना ३०० पासूनच सुरुवात सुचवली आहे.

पेशींवरची विषाक्तता यकृताशिवाय अपुरी राहते. सत्तरच्या दशकात सरगुजा भागात खुळखुळ्याच्या जातीचं बी मिसळलेलं भरड धान्य खाल्ल्याने आदिवासी कुटुंबांत पोटात पाणी होऊन अनेक जण दगावले. त्या बियांतले पायरोलिझिडिन अल्कलॉइड स्वतः फारसे घातक नसतात. यकृतातली विकरं त्यांना घातक रूप देतात आणि तिथल्या बारीक शिरा बंद पडतात. असा रेणू रॉ पेशींत शंभर टक्के सुरक्षित दिसेल. हेप-जी-२ या यकृताच्या अर्बुदातून आलेल्या पेशीही इथे पुरेशा नाहीत, कारण त्यांच्यात ही विकरं फार कमी असतात. हेपा-आरजी पेशी किंवा रॅटच्या ताज्या यकृतपेशी वापरता आल्या तर उत्तम. जनुकीय विषाक्ततेसाठी एम्स ही जिवाणूंवरची चाचणी एस-९ (यकृतातल्या विकरांचा अर्क) सह आणि एस-९ विना करा. निकाल होकारार्थी आला तरी घाबरून प्रयोग लपवू नका. क्वेर्सेटिन एम्समध्ये होकारार्थी येतं हे सत्तरच्या दशकापासून माहीत आहे, आणि तरी ते रोजच्या कांद्यात आहे. अशा वेळी प्राण्यांतली मायक्रोन्यूक्लियस चाचणी पुढचा निर्णय देते.

जठराकडे विशेष लक्ष द्या. कॉक्स-१ अडवणारं प्रत्येक औषध तिथे वचपा काढतं. पंजाच्या प्रयोगातल्याच रॅटचं जठर शेवटी उघडून व्रण मोजा. त्यासाठी वेगळे प्राणी लागत नाहीत. दुसऱ्या टोकाला, रेणू टीएनएफ-अल्फा खरोखर जोरात खाली आणत असेल, तर संसर्गाचा प्रश्न येतो. टीएनएफ-अल्फा अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत क्षयरोग उफाळल्याचं २००१ मध्ये समोर आलं. आपल्या देशात, जिथे सुप्त क्षय घरोघरी आहे, तिथे ही शंका चर्चेच्या प्रकरणात दोन ओळींत तरी यायला हवी. निर्गुडीबाबत प्रजननाचाही प्रश्न आहे: बियांतल्या फ्लॅव्होनॉइडयुक्त भागाने कुत्र्यांत शुक्राणूंची निर्मिती घटल्याचं जुनं काम उपलब्ध आहे. तुमच्या अठ्ठावीस दिवसांच्या नर रॅटचे वृषण तोलून ऊतिपरीक्षेला पाठवा.

सुरक्षितता एका जातीतून दुसरीत तशीच नेता येत नाही, याचं सगळ्यात वेदनादायी उदाहरण आपल्या आभाळातच आहे. गुराढोरांना चालणाऱ्या डायक्लोफेनॅकने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी केली आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली तोवर फार उशीर झाला होता.

आणि मात्रा. रॅटची ५० मिलिग्रॅम प्रति किलो ही मात्रा ६.२ या रॅट-ते-माणूस रूपांतराच्या ठरलेल्या आकड्याने भागली, की माणसाची साधारण ८ मिलिग्रॅम प्रति किलो येते. साठ किलोच्या माणसाला सुमारे ४८० मिलिग्रॅम कॅस्टिसिन, म्हणजे तुमच्या अर्काच्या हिशेबाने रोज ३२ ग्रॅम. एवढा अर्क कोणी खाणार नाही. मग शोषण वाढवायला कोणीतरी मिरीतलं पिपरीन सुचवेल. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या अभ्यासात २० मिलिग्रॅम पिपरीनने माणसांत कर्क्युमिनची जैवउपलब्धता वीसपट वाढवली, हे खरं आहे. पण २०२२ मध्ये अमेरिकेत हळदीच्या पूरकांमुळे झालेल्या यकृतइजेचे दहा रुग्ण नोंदले गेले. काही उत्पादनांत मिरीचा अंश होता, आणि दहापैकी सात जणांत एचएलए-बी-३५:०१ हा जनुकप्रकार सापडला. शोषण वाढलं की परिणाम वाढतो, तशी इजेची शक्यताही वाढते. शिवाय पिपरीन यकृतातलं औषधं मोडणारं सीवायपी-३ए४ हे विकर अडवतं, म्हणजे रुग्ण सोबत घेत असलेल्या इतर औषधांची पातळीही हलते.

हाती चार-पाच महिने आणि मर्यादित पैसा आहे असं धरून मी हा क्रम लावेन. पहिल्या महिन्यात पेशी: त्याच विहिरीत जिवंतपणा, पेशीसंख्या, प्रथिनानुसार मांडणी, नायट्रोप्रुसाइड कंट्रोल, एंडोटॉक्सिन, आणि रेणूचं माध्यमातलं टिकणं. रॉ पेशी पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून आणल्या असतील, तर त्यांचा पॅसेज क्रमांक (त्या कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा) लिहून ठेवा. खूप जुन्या पेशी कमी प्रतिसाद देतात. इथे विषाक्ततेची सीसी-५० (निम्म्या पेशी मारणारी मात्रा) आणि परिणामाची आयसी-५० यांत दहापट अंतर दिसलं, तरच रॅटकडे चला. अंतर दोन-तीन पटच असेल, तर तिथे थांबा आणि प्रबंध त्याच निष्कर्षावर लिहा. तो निष्कर्ष कमी दर्जाचा नाही. निर्गुडीवर पुढे काम करणाऱ्या दहा जणांचे प्राणी आणि पैसे त्याने वाचतील. अंतर चांगलं असेल तर तोंडावाटे तीन मात्रांचा पंजा प्रयोग, त्याच रॅटचं जठर, आणि डोसनंतर एक व चार तासांनी शेपटीच्या शिरेतून थोडं रक्त घेऊन कॅस्टिसिनची पातळी. १२ मायक्रोमोलर म्हणजे प्रति मिलिलिटर सुमारे ४.५ मायक्रोग्रॅम. रक्तात त्याचा शंभरावा भागही सापडला नाही आणि सूज मात्र उतरली, तर काम करणारा पदार्थ बहुधा त्याचं चयापचयी रूप आहे, किंवा सूज उतरण्याचं कारण वेगळंच आहे. अठ्ठावीस दिवसांची अर्काची तपासणी शेवटी, वेळ उरला तर.

प्रबंधातलं वाक्य तोपर्यंत असं ठेवा: ‘कॅस्टिसिनने रॉ २६४.७ पेशींत नायट्राइटची निर्मिती आणि रॅटमध्ये पोटाच्या पोकळीतून दिल्यावर कॅराजीननजन्य सूज कमी केली. पेशींवरील विषाक्तता व प्रतिक्षोभ यांचा वाटा वगळलेला नाही. अर्काचा २००० मिलिग्रॅम प्रति किलो हा एकच तोंडी डोस विस्टार रॅटमध्ये चौदा दिवसांत प्राणघातक ठरला नाही.’ आणि उरलेलं कॅस्टिसिन मोजून, अंधाऱ्या बाटलीत, उणे २० अंशांवर ठेवा. प्रयोग पुन्हा करायची वेळ आली, तर तोच बॅच लागेल.